वाकड्या पुलाची सरळ गोष्ट

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. मी कॉन्व्हेंटची. केजीपासून दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके पिरियड आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाईड, एवढाच आमचा संबंध. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्याच, तर मराठी विभागाच्या संपादकांनी त्या पोटात घालाव्यात. (मेसची आमटी आपण सगळे रोज पोटात घालतोच की!) मग इंग्लिश सेक्शनला का नाही दिला लेख, असं रूममेटने विचारलं. त्याचं कारण म्हणजे हा लेख ज्या माणसाला आधी वाचायला द्यायचा आहे, तो इंग्रजी वाचत नाही. तो माणूस म्हणजे माझा मामा.

झालं असं. सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी आमच्या आजोळचा वाडा आहे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, पुढे सोपा, मागे माजघर. २०१९ च्या पुरात मागची भिंत खचली आणि तेव्हापासून तो अर्धा वाडा कुलूप लावून ठेवलाय. यंदा एका बिल्डरची ऑफर आली. एप्रिलमध्ये, ऐन सबमिशनच्या धामधुमीत मामाचा फोन आला. "काय गं, तू सिव्हिलला ना? मग सांग बरं, पाडू का ठेवू?"

मित्र-मैत्रिणींनो, तीन वर्षं झाली सिव्हिलला. बीमचा बेंडिंग मोमेंट डायग्राम मी झोपेत काढीन. पण पन्नास-साठ पावसाळे खाल्लेल्या भिंतीकडे बघून ती अजून किती दिवस उभी राहील, हे मला सांगता येईना. मी म्हटलं, "मामा, परीक्षा झाली की सांगते." टाळाटाळच होती ती, दुसरं काय!

परीक्षा झाली आणि मी गेले स्पेनला. म्हणजे लॉटरी वगैरे लागली नाही. माझी मोठी बहीण बार्सिलोनात नोकरी करते, तिने तिकीट काढलं. बार्सिलोना सगळ्यांना माहीत असतं, मेस्सीमुळे म्हणा किंवा गौदीच्या त्या सग्रादा फमिलियामुळे म्हणा. पण मी सांगणार आहे ते बेझालूबद्दल. जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव. आपल्या कॉलेजचे चारही ब्रँच आणि डिप्लोमावाले एकत्र केले तर तेवढी डोकी इथेच भरतील. बार्सिलोनाहून आधी ट्रेनने जिरोना, तिथून एसटीसारखी बस. ताई म्हणाली, "तू सिव्हिलवाली आहेस, तुला एक पूल दाखवते." मी मनात म्हटलं, सुट्टीत पण पूल!

तिथली माणसं स्वतःला कातालान म्हणवतात, त्यांची भाषाही कातालान. स्पॅनिशहून वेगळी, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! हा सगळा भाग पिरनीज पर्वताच्या पायथ्याचा. हिरव्या टेकड्या, मधून वाहणारी फ्लुविया नावाची नदी, आणि तिला कापेयाद नावाची छोटी नदी जिथे मिळते तिथे हे गाव. दोन नद्यांच्या बेचक्यातली जागा म्हणजे संरक्षणाला उत्तम. आपल्याकडेही संगमावर गावं वसतात, फक्त आपण आधी देऊळ बांधतो, त्यांनी आधी किल्ला बांधला.

बसमधून उतरून दोन मिनिटं चाललं की पूल दिसतो. आणि पहिला विचार मनात काय यावा? की हा चुकलाय! सुमारे १०५ मीटर लांबीचा दगडी पूल, सात कमानी, त्यातल्या दोन कमानी एकसारख्या असतील तर शपथ. एक रुंद, एक अरुंद, एक उंच, एक बसकी. आणि सगळ्यात कहर म्हणजे पूल सरळ नाही. निम्म्यावर जाऊन चक्क वळतो. कोपरातून हात वाकवावा तसा. मध्ये एक उंच बुरूज, त्याच्या पोटातून जाणारा दरवाजा. त्या दरवाज्यात पूर्वी जकात घेत. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला मी असं काही काढलं असतं तर सरांनी शीट फाडली असती.

मग आम्ही खाली नदीकाठी उतरलो आणि मला माझीच लाज वाटली. खालून बघितलं की कळतं. नदीच्या पात्रात ठिकठिकाणी मूळचा खडक वर आलेला आहे, आणि पुलाचे खांब त्या खडकांवर उभे आहेत. खडक सरळ रेषेत नाहीत, म्हणून पूल सरळ रेषेत नाही. दोन खडकांमधलं अंतर सारखं नाही, म्हणून कमानी सारख्या नाहीत. संपलं! त्या काळी पाण्यात पाया खणणं म्हणजे केवढं संकट. आजच्यासारखे पाइल नाहीत, आजच्यासारखं काँक्रीट नाही, पाणी उपसायला मोटरपंप नाही. मग त्या गवंड्याने काय केलं, तर नदीने जो पाया आयता दिला होता तो घेतला. त्याने आपली रेषा वाकवली. आपण आधी कागदावर सरळ रेषा मारतो आणि मग जमिनीला त्या रेषेत बसवतो. फाउंडेशन इंजिनीअरिंगचं जे चॅप्टर मी दोनदा वाचून विसरले होते, ते मला तिथे पाच मिनिटांत समजलं.

आता थोडा इतिहास. (पळू नका, थोडाच आहे.) नवव्या शतकाच्या शेवटी बेझालू ही एका स्वतंत्र सरदारकीची राजधानी झाली. तिथल्या शासकाला काउंट म्हणायचे. त्यांच्यातला मिरो नावाचा काउंट हा जिरोनाचा बिशपही होता. त्याने ९७७ साली इथे सांत पेरे नावाचा मठ स्थापन केला. मठाचं चर्च १००३ साली पवित्र करण्यात आलं. आज मठाच्या बाकीच्या इमारती नाहीत, फक्त चर्च उरलंय आणि समोर मोठं मोकळं मैदान. चर्चच्या दर्शनी भिंतीत एक खिडकी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना दगडी सिंह. बाकी भिंत कोरी. आपल्या हेमाडपंती देवळाची सवय असलेल्या डोळ्यांना वाटतं, कोरीवकाम राहिलंच की काय! पण आत गेलात की त्या जाड भिंतींचा गारवा आणि अर्धगोल कमानी... बोलायचं बंदच होतं माणूस. या शैलीला रोमनेस्क म्हणतात. पुढच्या गॉथिक चर्चसारख्या टोकदार कमानी आणि आभाळात घुसणारी उंची इथे नाही. जाड भिंत, छोटी खिडकी, गोल कमान, एवढंच.

या काउंटांपैकी सगळ्यात नावाजलेला बेर्नात. त्याला लोक 'तायाफेरो' म्हणायचे, म्हणजे लोखंड कापणारा. हा लोखंड कापणारा गडी १०२० साली फ्रान्समधली ऱ्होन नदी ओलांडताना बुडून मेला. बेझालूच्या पुलाचा सगळ्यात जुना उल्लेख १०७५ सालचा आहे. म्हणजे पूल त्याच्या मरणामुळे बांधला असं मी म्हणत नाही, पण नदी ओलांडणं ही त्या काळी काय चीज होती ते यावरून कळतं. पुढे ११११ साली इथल्या काउंटला वारस उरला नाही, आणि ही सरदारकी बार्सिलोनाच्या काउंटकडे गेली. राजधानीचं परत गाव झालं. एका अर्थाने तेच बरं झालं. राजधानी राहिली असती तर जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसा आला असता. पैसा नव्हता, म्हणून जुनं शाबूत राहिलं. हे वाक्य लिहिताना मला आमच्या वाड्याची आठवण झाली, हे सांगायला नकोच.

आता खरी गोष्ट. पुलावर उभी राहून मी भारावल्यासारखी झाले होते. एका दगडावर हात ठेवून ताईला म्हटलं, "विचार कर, हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हा दगड इथे ठेवला." ताई हसली. म्हणाली, "हा दगड बहुतेक बाबांच्या वयाच्या आसपासचा असेल."

मला कळेचना. मग तिने सांगितलं आणि रात्री मी स्वतः वाचून काढलं. हा पूल कितीदा मोडलाय याचा हिशोब बघा. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला पुराने त्याची मोडतोड केली, तेव्हा तो मोठ्या प्रमाणात परत बांधावा लागला. मग १८८० साली कापडगिरणीची यंत्रं गावात आणायची होती, ती दरवाज्यातून जाईनात, म्हणून दरवाज्याचा बुरूजच पाडला. (यंत्रासाठी दरवाजा पाडणारे बहुतेक आपल्याच मेकॅनिकल ब्रँचचे असणार!) आणि १९३९ साली, स्पेनच्या यादवी युद्धाच्या शेवटी, माघार घेणाऱ्या रिपब्लिकन सैन्याने शत्रू मागे येऊ नये म्हणून सुरुंग लावून पुलाचा भाग उडवून दिला. आज आपण जो अखंड पूल आणि बुरूज बघतो, तो त्यानंतर १९५० आणि ६० च्या दशकांत पुन्हा उभारलेला आहे. स्पेन सरकारच्या वास्तुखात्यातल्या फ्रान्सिस्को पोन्स-सोरोया या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली हे काम झालं. प्रसिद्ध चित्रकार होआकिन सोरोया यांचा हा नातू. १९६६ साली अख्ख्या गावाला ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षण मिळालं.

खरं सांगू? मला फसवल्यासारखं वाटलं. डुप्लिकेट! एखाद्याने शिवकालीन म्हणून तलवार दाखवावी आणि मुठीखाली कारखान्याचा शिक्का निघावा, तसं. मी चिडून ताईला म्हटलं, मग हा पूल जुना कसा? ताईने मला एक साधा प्रश्न विचारला. "आजीच्या वाड्याची कौलं दर दोन-तीन वर्षांनी फिरवायचे. तुळया बदलल्या, सोप्याचं शहाबादी बाबांच्या लग्नात घातलं. मग वाडा आजीचा नाही का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण पूल असो की वाडा, त्याला दुरुस्ती करणारे हात मिळत गेले म्हणूनच तो म्हातारा होऊ शकला. दगडाची इमारत आपोआप टिकते हा आपला गैरसमज आहे. कमानीतला चुना दरवर्षी थोडा धुऊन जातो. फटीत पिंपळ उगवतो (तिथे अंजीर उगवतं). कुणीतरी शिडी लावून ते काढतं, चुना भरतं, म्हणून पुढचं शतक उजाडतं. तेव्हा पूल परत बांधला यात फसवणूक नाही, हे मला पटलं.

पण एक गोष्ट अजून पटत नाही. पुलाकडे बघून १९३९ दिसत नाही. मला तरी नवा दगड कुठे आणि जुना कुठे हे ओळखता आलं नाही. पूल उडवला तो हरलेल्या बाजूने, आणि सांधला तो जिंकलेल्या फ्रँकोच्या राजवटीत. सांधताना त्याला थेट मध्ययुगात नेऊन बसवलं. १८८० चा कारखाना गायब, १९३९ चा सुरुंग गायब. गुळगुळीत चित्र तयार. घाव भरला हे उत्तम, पण घाव झालाच नव्हता असं दाखवायचं कारण नव्हतं.

त्याच गावात याच्या अगदी उलटी गोष्ट आहे. मध्ययुगात बेझालूमध्ये ज्यूंची वस्ती होती. १२६४ साली राजा जाउमे पहिला याने त्यांना सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, बांधायची परवानगी दिली. वैद्य, व्यापारी, सावकार अशी ही मंडळी. पुढे त्यांच्यावर बंधनं वाढत गेली आणि १४३६ च्या सुमारास इथला ज्यू समाज गाव सोडून गेला. माणसं गेली तशी त्यांची आठवणही गेली. पाचशे वर्षं! मग १९६४ साली नदीकाठच्या एका जुन्या रंगाऱ्याच्या कारखान्याच्या जागेत पाण्यासाठी विहीर खणत होते, तेव्हा खाली एक दगडी खोली लागली. ३६ पायऱ्या उतरून गेलं की वर अर्धगोल छत, भिंतीत एक अरुंद खिडकी, आणि तळाशी पाण्याचं कुंड. ते होतं मिक्वे, ज्यूंचं धार्मिक स्नानाचं कुंड. धर्माच्या नियमाप्रमाणे त्यात वाहतं, जिवंत पाणी लागतं, म्हणून ते नदीशेजारी जमिनीत खोल बांधलेलं.

मी त्या ३६ पायऱ्या उतरले. खाली गार, ओलसर वास, आपल्या बारवेत येतो ना तसाच. पुलासारखी याची कुणी डागडुजी केली नाही, कुणी सजवलं नाही. गाळाखाली गाडलं गेलं आणि म्हणून वाचलं. पण ज्यांचं होतं ते मात्र नाहीत. दगड टिकला आणि माणसं गेली, हे काही वारसा जपणं नव्हे. तो निव्वळ योगायोग.

दुसऱ्या दिवशी ताईच्या मैत्रिणीने गाडी काढली आणि आम्ही फ्लुविया नदीच्या वरच्या अंगाला गेलो. या परगण्याचं नाव गारोचा. इथे चाळीसच्या आसपास ज्वालामुखी आहेत, सगळे झोपलेले. वाटेत कास्तेयफोयित दे ला रोका नावाचं गाव लागलं आणि मी गाडीत ओरडलेच. पन्नास मीटर उंचीचा, जवळजवळ एक किलोमीटर लांब काळाकभिन्न कडा, आणि त्याच्या अगदी धारेवर घरांची रांग! एखाद्याने मागच्या दाराने पाऊल टाकलं तर थेट नदीत. हा कडा बेसॉल्टचा आहे. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, आमच्या वाड्याच्या जोत्याचा, रायगडाचा, वेरूळच्या लेण्यांचा. दोन वेळा लाव्हा वाहत आला, सुमारे २ लाख १७ हजार आणि १ लाख ९२ हजार वर्षांपूर्वी. दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, त्यामानाने हे कालचं पोर. पण जात एकच. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि त्या तड्यांतून उभे बहुकोनी खांब तयार होतात. कड्यावर ते खांब पेन्सिलींच्या जुडीसारखे दिसतात. असे खांब बघायला खरं तर स्पेनला जायची गरज नाही. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिथेही हेच खांब आहेत, वर गावदेवीचं देऊळ आहे, आणि चहूबाजूंनी बिल्डिंगा. बघितलंय कुणी? मी पण नाही. परत आल्यावर लाजेकाजेस्तव जाऊन आले.

पण मला सांगायचंय ते पुढच्या थांब्याबद्दल. क्रोस्कात नावाचा ज्वालामुखी. या भागातला सगळ्यात तरुण, बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी फुटलेला. त्याची खडी हलकी आणि सच्छिद्र, बांधकामाला सोन्यासारखी. मग काय, विसाव्या शतकात खाण सुरू झाली आणि डोंगराच्या एका बाजूचा केकसारखा तुकडा कापला गेला. लोकांनी विरोध केला, मोहिमा केल्या. १९८२ साली कायद्याने या भागाला संरक्षण मिळालं, तरी खाण पूर्ण थांबायला १९९० चं दशक उजाडलं. आता प्रश्न आला, की या भल्यामोठ्या जखमेचं काय करायचं? माती ओतून डोंगर परत गोल करायचा, वर झाडं लावायची, की झालं?

त्यांनी तसं नाही केलं. ढासळणारे उतार पक्के केले, आजूबाजूला हिरवं केलं, पण कापलेला भाग उघडा ठेवला. तिथपर्यंत पायवाट नेली. आज तुम्ही चालत जाऊन ज्वालामुखीच्या पोटात उभे राहता. काळे, तांबडे, राखाडी थर एकावर एक. कुठला थर कुठल्या उद्रेकाचा हे शाळेतली मुलं बोट दाखवून शिकतात. आणि त्याचबरोबर माणसाने काय केलं तेही शिकतात. लपवाछपवी काही नाही.

एकाच परगण्यात, तासाभराच्या अंतरावर, ही तीन उत्तरं. पुलाचा घाव भरला आणि पुसला. मिक्वे विसरलं गेलं आणि योगायोगाने मिळालं. डोंगराचा घाव बरा केला, पण झाकला नाही. माझं मत विचाराल तर मी तिसऱ्याच्या बाजूने. मोडलेलं दुरुस्त जरूर करावं, पण कुठे मोडलं होतं, कधी आणि कुणामुळे, हे त्या वस्तूवरच दिसलं पाहिजे. डॉक्टर ऑपरेशन करतात तेव्हा टाक्याची खूण राहते आणि केसपेपरवर नोंद राहते. इंजिनीअरच्या कामाचं तसं का नको?

यावर आपल्या कट्ट्यावर काय ऐकायला मिळणार ते मला माहीत आहे. "जुनं ते सोनं म्हणत बसा आणि मग माणसं मरू देत." हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी बस आणि त्यातली माणसं गेली. जुनं म्हणजे मजबूत असं मी म्हणतच नाहीये. उलट माझं म्हणणं असं, की जुन्याची पूजा करणारा आणि जुन्यावर जेसीबी घालणारा, दोघेही एकच चूक करतात. दोघेही तपासत नाहीत. एक हात जोडतो, दुसरा हात उगारतो. शिडी लावून वर कुणी चढत नाही.

आणि यात आपला दोष किती आणि आपल्या अभ्यासाचा किती, हे आपल्या सरांनी-मॅडमनीही वाचावं म्हणून लिहिते. आम्ही चार वर्षांत सिमेंट काँक्रीटच्या शेकडो बीम डिझाइन करतो. पण चुन्यात बांधलेली एक कमान तपासायला आम्हाला कुणी नेत नाही. आपल्या जिल्ह्यात जुने पूल आहेत, बारवा आहेत, घाट आहेत. एका सेमिस्टरला एक तरी ग्रुप एक तरी जुनी वास्तू मोजून, तिचे नकाशे काढून, तडे नोंदवून आला, तर बिघडलं कुठे? इंडस्ट्रियल व्हिजिटला वॉटर पार्क लागतोच की आपल्याला वाटेत! प्लेसमेंटला याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, की देशात आधीच बांधून झालेल्या इमारतीही असंख्य आहेत. पुढे आपल्यातल्या कित्येकांच्या वाट्याला येणार आहेत त्या मोडलेल्या, गळक्या, खचलेल्या.

परत आल्यावर मी आजोळी गेले. सोबत टेप, ओळंबा आणि वर्गातले दोन मित्र. (त्यांना आजीच्या हातच्या पुरणपोळीचं आमिष दाखवलं होतं, हे ओघाने आलंच.) दोन दिवस वाडा मोजला. मागची भिंत गेलीच आहे, ती वाचणार नाही. माजघराच्या दोन तुळयांना वाळवी लागलीय. पण जोतं जागचं हललेलं नाही, सोपा ठणठणीत आहे, आणि खांबांना अजून वीस-पंचवीस वर्षं काही होणार नाही असं गावातल्या सुतारकाकांनी हाताने ठोकून सांगितलं. आमच्या लॅबमधल्या अल्ट्रासॉनिक टेस्टरपेक्षा त्यांचा आवाज मला जास्त खात्रीचा वाटला.

संध्याकाळी मामाने परत विचारलं, "मग काय ठरलं इंजिनीअरबाई? पाडू का ठेवू?"

मी म्हटलं, "मामा, प्रश्न तसा नाहीये. मागचं पाडा, ते धोक्याचं आहे. पुढचं ठेवा. आणि मागे नवीन बांधाल ते नवीनच दिसू दे, जुन्याचं सोंग नको. फक्त जिथे जुनी भिंत संपते तिथे दगडावर साल कोरून घ्या. २०१९."

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साल कशाला? पुराची आठवण कुणाला ठेवायचीय?"

मी त्याला बेझालूची गोष्ट सांगायला लागले, पण तेवढ्यात लाइट गेली आणि सगळे अंगणात आले, गोष्ट राहूनच गेली. म्हणून हा लेख. अंक छापून आला की एक प्रत मामाला पोस्टाने पाठवणार आहे. बिल्डरला त्याने अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. दिवाळीत गेले की कळेल.

तोपर्यंत, मंडळी, तुमच्या आजोळी असं काही उभं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत एक टेप घेऊन जा. पाडायचं की ठेवायचं ते नंतर ठरवा. आधी मोजून तर घ्या!